नाही म्हणायची नोकरी

साइटवर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणायचे. टॉवर क्रेनच्या ऑपरेटरला दुसरं काय म्हणणार? सकाळी शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसला की माणूस थेट संध्याकाळीच जमिनीला पाय लावतो. माल कधी येणार असं खाली कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, “वरच्याची मर्जी.” या विनोदाला आता कुणी हसत नव्हतं, पण दिवसातून चारदा तो व्हायचाच.

वरच्याची दहा-बारा वर्षं बांधकामांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत गेली. एजन्सीतल्या बाई संध्याकाळी फोन करायच्या, उद्या कुठे जायचं ते सांगायच्या आणि तो जायचा. तासाचा दर कंपनीच्या माणसापेक्षा चांगला. आठवडाभर सुट्टी हवी असली तर कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत, बाईंना सांगितलं की झालं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे न पटणाऱ्या साहेबाशी संसार करायची सक्ती नव्हती. दोनदा त्याने भर दुपारी हुक रिकामा वर घेतला होता आणि शिडी उतरून सरळ घरी आला होता. एकदा माल बांधायचा पट्टा विरलेला असताना ‘चालतंय, उचल’ म्हणाले म्हणून. एकदा खाली माणसं काम करत असताना त्यांच्या डोक्यावरून लोखंड न्यायला सांगितलं म्हणून. दोन्ही वेळा बाई फोनवर करवादल्या आणि दोन्ही वेळा पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्याला दुसरीकडे पाठवलं. चांगल्या ऑपरेटरची चणचणच तेवढी होती.

“नाही म्हणायला मला कुणाला विचारावं लागत नाही,” असं तो घरी ऐटीत सांगायचा.

बायको टपाल खात्यात, पत्रं वेगळी करायच्या विभागात कायम नोकरीला होती. ती म्हणायची, “तुमचा पगार पाहुण्यासारखा आहे. येतो तेव्हा हात भरून येतो, पण कधी येणार ते कळवत नाही.” तिच्या नोकरीतही सगळं गोडधोड नव्हतं. तिच्या रजेच्या अर्जावर वरिष्ठ बाई कोंबडीसारख्या बसून राहायच्या, आणि बढतीची यादी दरवर्षी तिच्या नावाच्या जरा आधीच संपायची. पण घरभाडं तिच्या पगारातून जायचं, कारण तिच्या पगाराला तारीख होती.

मग वरच्याची पाठ गेली. एका सकाळी बूट घालायला वाकला आणि तसाच अडकून राहिला. मणक्यातली चकती सरकली आहे, डॉक्टर म्हणाले. पुढचे दोन महिने तो बाहेरच्या खोलीत चटईवर उताणा पडून होता, उशाशी फोन घेऊन. पहिल्या आठवड्यात एजन्सीच्या बाईंचा फोन आला, “सावकाश बरे व्हा, घाई करू नका.” त्यानंतर आला नाही. तसं बघितलं तर एजन्सीचं काही चुकलं नव्हतं. जो येऊच शकत नाही त्याला कशाला फोन करतील? पण छताकडे बघत पडलेल्या माणसाला हे स्वतःला पटवणं जड जातं. बायको कामावरून आली की आधी फोनकडे बघायची, मग त्याच्याकडे. तिने एकदाही टोमणा मारला नाही. त्याला तेच जास्त लागलं.

पाठ सावरल्यावर एजन्सीने त्याला एका मोठ्या दवाखान्याच्या बांधकामावर पाठवलं. तिथला साइटचा मुख्य इंजिनिअर, ज्याला सगळे नुसतंच ‘साहेब’ म्हणत, तरतरीत आणि बोलायला गोड माणूस होता. इमारत वेळेत उभी राहिली नाही तर आपली खुर्ची जाणार या धास्तीत तो सदा वावरायचा. महिनाभरात त्याने वरच्याला ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं.

“कंपनी स्वतःच्या क्रेन घेतेय. ऑपरेटर कायमचा ठेवायचाय. तुझा हात मला आवडला. तीन महिने बघू, पटलं तर ऑर्डर काढतो.”

वरच्याने घरी सांगितलं. बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“नाही म्हणू नका,” ती म्हणाली.

“नाही कुठे म्हणतोय?”

“सवय आहे तुम्हाला. म्हणून आधीच सांगते.”

तो एजन्सीचाच होता अजून, दर तोच, बाई त्याच. पण त्या दिवसापासून त्याच्या आत काहीतरी बदललं. ते सगळ्यात आधी ओळखलं शिट्टीने. शिट्टी म्हणजे खाली माल हुकला अडकवून इशारा देणारा रिगर. वॉकी-टॉकी आल्यावरही गळ्यातली शिट्टी त्याने काढली नव्हती, म्हणून हे नाव. तोही एजन्सीचा माणूस, दोन-तीन साइटवर दोघांनी बरोबर काम केलेलं.

“पूर्वी तू साहेबांशी वाद घालायचास तेवढ्यात आमचा खाली चहा व्हायचा,” एकदा डबा खाताना शिट्टी म्हणाला. “आता तू ‘हो साहेब, बघतो साहेब’ करतोस. आमचा चहाच बंद केलास.”

वरचा हसला. पण जेवण त्याला गोड लागलं नाही, कारण ते खरं होतं. साहेबांच्या विनोदांना तो जरा जास्तच मोठ्याने हसत होता. शिफ्ट संपल्यावर ‘अजून दोनच फेऱ्या’ म्हटलं की पाठ ठणकत असली तरी थांबत होता. एजन्सीत असताना त्याला घालवायचं काहीच नव्हतं. आता अजून हाती न आलेली गोष्ट घालवायची भीती होती.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस एका दुपारी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी स्लॅब ओतायचा होता आणि काँक्रीटला आधार द्यायच्या मोठमोठ्या सपाट प्लेटा वर चढवायच्या होत्या. अशी प्लेट वाऱ्यात म्हणजे शीडच. केबिनमधला वाऱ्याचा मीटर लाल रेषेशी आला, मागे गेला, परत आला आणि टीं टीं वाजायला लागला.

“साहेब, मीटर वाजतोय,” तो वॉकी-टॉकीवर म्हणाला.

“झुळूक आहे, जाईल. एकच प्लेट राहिलीय. एवढी घे.”

वरच्याने खाली बघितलं. पायाखालच्या काचेतून शिट्टी दिसत होता. त्याने प्लेट हुकला अडकवली होती, ती भरकटू नये म्हणून बांधलेली दोरी हातात धरली होती आणि मान वर करून वाट बघत होता. एरवी असतं तर वरच्याने हुक सोडवून घ्यायला सांगितलं असतं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली असती. आज हात लिव्हरवर होता आणि उठत नव्हता.

“ऐकू येतंय ना?” साहेबांनी विचारलं.

“हो साहेब,” तो म्हणाला, आणि उचललं.

पुरुषभर उंचीपर्यंत प्लेट सरळ गेली. मग वाऱ्याने तिला आडवी धरली. ती गरकन फिरली, शिट्टीच्या हातातली दोरी सर्रकन ओढली गेली, पण त्याने ती सोडली नाही. सोडली असती तर प्लेट मोकाट सुटली असती. तो पायांनी फरफटत खांबाच्या उभ्या सळयांकडे ओढला जात होता आणि मागून प्लेट परत झोक्यावर येत होती. वरच्याला त्या क्षणी ना ऑर्डर आठवली ना बायको. त्याने हुक झोक्याच्याच दिशेने पळवला, प्लेटच्या बरोब्बर डोक्यावर आणला आणि तिच्या झोक्याचा जोर मोडला. ती शिट्टीच्या हेल्मेटवरून हातभर अंतराने गेली आणि परांचीला धडकून थांबली.

शिट्टीच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती. बाकी कुणाला काही झालं नाही. साहेब धावत आले, पांढरेफटक पडलेले. थोड्या वेळाने चेहऱ्यावर रंग परतल्यावर वॉकी-टॉकीवर म्हणाले, “काय सांभाळलंस रे. वा.”

पुढच्या आठवड्यात ऑर्डर निघाली. घरी बायकोने ती मोठ्याने वाचली, आणि आजारपणाच्या भरपगारी रजेचा परिच्छेद परत एकदा वाचला. त्या संध्याकाळी ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. वरच्याने तिला प्लेटबद्दल काही सांगितलं नाही.

शिट्टी हात बरे होईपर्यंत घरी होता, अर्थातच बिनपगारी. परत आला तेव्हा तळव्यांवर नवी गुलाबी कातडी होती.

“ऑर्डर निघाली म्हणे तुझी,” तो म्हणाला. “चला, माझे हात कामाला आले.”

तो हे हसत म्हणाला. वरच्याने हातातला चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, “परत नाही होणार.”

“बघू,” शिट्टी म्हणाला.

बघायची वेळ लवकरच आली. इमारत दोन मजले वर गेल्यावर पुन्हा स्लॅब, पुन्हा प्लेटा, आणि सकाळपासून वारा. उचलायला जास्त, पण वर बसून राहायला चालेल असा. मीटर वाजला तसा वरच्याने हुक वर घेतला.

“साहेब, थांबलो.”

“किती दाखवतोय?”

“लाल रेषेच्या वर.”

“मागच्या वेळीही वरच होता. उचललंस ना?”

“म्हणूनच थांबलो.”

वॉकी-टॉकीवर खरखर झाली. मग साहेबांचा आवाज आला, गोडवा गेलेला. “वरून रोज फोन येतात मला. आज प्लेटा चढल्या नाहीत तर उद्याचं काँक्रीट रद्द. तू आता एजन्सीचा नाहीस, कंपनीचा माणूस आहेस. कंपनीचं नुकसान ते तुझं नुकसान.”

“थांबलो साहेब,” तो परत म्हणाला.

पूर्वी त्याने हे म्हटलं असतं आणि शिडी उतरला असता. आज उतरून जाणार कुठे? उद्या सकाळी इथेच यायचं होतं, याच माणसासमोर. आणि आपण उतरलो की साहेब रिकाम्या केबिनमध्ये दुसऱ्याला बसवणार, हेही त्याला कळत होतं. तसंच झालं. अर्ध्या तासाने साहेब म्हणाले, “खाली ये. बदली ऑपरेटर मागवलाय.”

“शिफ्ट माझी आहे. मी उतरणार नाही.”

“शिस्तभंग होईल हा.”

“होऊ दे.”

मनोरा वाऱ्याने डुलत होता, आणि प्रत्येक झोक्याला पाठीतून कळ येत होती. आजवरचं त्याचं नाही म्हणणं म्हणजे दार लोटून निघून जाणं होतं. खुर्चीला चिकटून राहून नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

फाटकातून बदली ऑपरेटर आत आला. वरून हेल्मेटचा ठिपकाच दिसत होता, पण एक पाय किंचित फेकत चालायची ढब बघितली आणि वरच्याने लगेच ओळखलं. मास्तर होते. त्याला क्रेन शिकवणारे. साठी ओलांडलेली, वैद्यकीय तपासणीत दरवर्षी कसेबसे पास होणारे, अजून एजन्सीतच.

शिडीवर बुटांचा आवाज यायला लागला. प्रत्येक टप्प्यावर थांबत, बऱ्याच वेळाने मास्तरांचं डोकं केबिनच्या दाराशी आलं. ते जाळीवर टेकून बसले आणि आधी पाणी मागितलं. बाटली अर्धी केल्यावर म्हणाले, “ऊठ.”

“मास्तर, मीटर बघा.”

“कान आहेत मला. ऊठ. मला आजचा रोज हवाय.”

“मी उठलो तर तुम्ही उचलाल?”

“सांगितलं तर उचलीन.”

“तुम्हीच शिकवलंत, वाऱ्यात प्लेट उचलायची नाही.”

“शिकवलं तेव्हा माझा फोन रोज वाजायचा,” मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, धाप होती. “आता आठवड्यात एकदा वाजतो. आज नाही म्हटलं तर तोही बंद. तुझ्या खिशात ऑर्डर आहे, तू ‘नाही’ म्हणत बस. मला ‘नाही’ म्हणायचे पैसे कोण देणार?”

“मीही ‘नाही’ म्हणायचो, एजन्सीत असताना.”

“म्हणायचास. पाठ ताठ होती तोवर.”

मीटर वाजत होता. खाली साहेब कमरेवर हात ठेवून वर बघत होते आणि प्लेटांजवळ शिट्टी आणि त्याची माणसं उभी होती.

वरच्याने मागच्या वेळचं सगळं सांगितलं, बायकोलाही न सांगितलेलं. दोरी, फरफट, हेल्मेटवरून हातभर. “ते बघा खाली, तोच आहे. शिट्टी,” तो म्हणाला.

मास्तरांनी काचेतून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात पुढे केला. “खुर्ची राहू दे तुलाच. तो वॉकी-टॉकी दे इकडे.”

“काय करताय?”

“काम.” त्यांनी बटण दाबलं. “साहेब, बदली ऑपरेटर बोलतोय. वर पोचलो. मी तयार आहे.”

“शाब्बास,” खालून आवाज आला. “घ्या मग.”

“घेतो. नियम म्हणून फक्त आकडा सांगतो. मर्यादा पंचेचाळीस. मीटर आत्ता एक्कावन्न दाखवतोय. तुम्ही ‘उचल’ म्हणा, उचलतो.”

साइटवरचे सगळे वॉकी-टॉकी एकाच चॅनेलवर होते. रिगर, सुतार, फाटकावरचा माणूस, सुरक्षा अधिकारी, सगळ्यांनी आकडा ऐकला. आणि सगळे साहेबांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.

शब्द येईना.

“साहेब, चोपन्न झाला,” मास्तर शांतपणे म्हणाले. “मी नाही म्हणत नाहीये. उचलू?”

खाली हालचाल झाली. शिट्टीने प्लेटची दोरी सोडवली, नीट गुंडाळली आणि चालायला लागला. त्याच्यामागे त्याची माणसं गेली आणि भिंतीच्या आडोशाला जाऊन बसली. हुकखाली कुणीच उरलं नाही. मधल्या मोकळ्या जागेत साहेब एकटे उभे होते. वरून ते फार लहान दिसत होते. वरच्याला त्यांची कीवही आली.

“थांबा,” शेवटी साहेब म्हणाले, आणि पत्र्याच्या खोलीकडे निघून गेले.

वारा अंधार पडेपर्यंत उतरला नाही. दोघं वर बसून राहिले. मास्तरांनी त्याचा अर्धा डबा खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाले, आणि दाराला टेकून चक्क डुलकी काढली.

काँक्रीट एक दिवस उशिरा पडलं. आभाळ कोसळलं नाही. साहेबांना वरून बोलणी बसली आणि त्यांनी ती खाली पोचवली. वरच्याची चौकशी झाली, शिडी न उतरल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. नोकरी राहिली. मीटर वाजत असल्याचं साइटभर ऐकलेलं असताना त्याहून जास्त करणं कुणाला सोयीचं नव्हतं. त्यानंतर साहेब त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. पण मीटर वाजला की ‘एकच घे’ म्हणायचं त्यांनी सोडलं.

बायकोला त्याने सगळं सांगितलं, पहिल्या प्लेटसकट. तिने त्याच्या पाठीखाली उशी सरकवली. मग म्हणाली, “नाही म्हणू नका, असं मीच सांगितलं होतं.”

“उचललं मी. तू नाही.”

“तरी पण,” ती म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

मास्तरांना त्या दिवसाचा रोज मिळाला. पण एजन्सीच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी कळवलं की कंपनीला ते नको आहेत. मग आणखी एका कंपनीला नको झाले, आणि फोन वाजेनासा झाला. त्यांना कंपनीत घ्यावं म्हणून वरचा मुख्य कार्यालयात दोनदा जाऊन आला. वय बसत नाही, असं तिथल्या बाई दोन्ही वेळा फार सौजन्याने म्हणाल्या.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मास्तर भंगाराच्या एका गोदामात लागल्याचं शिट्टीकडून कळलं. वरचा त्यांना भेटायला गेला. लांबलचक शेड, छताखालून सरकणारी छोटी क्रेन, आणि मास्तर जमिनीवर उभे राहून हातातल्या बटणांनी ती चालवत होते.

“शिडी नाही, वारा नाही,” ते म्हणाले. “छप्पर आहे डोक्यावर. मजा आहे.”

“कायम केलंय?”

“छे. एजन्सीच. दर निम्मा.”

त्यांनी क्रेन थांबवली आणि दोघं शेडच्या दाराशी चहा घेत उभे राहिले. मास्तर उत्साहात होते, शिट्टीची, साहेबांची, सगळ्यांची चौकशी करत होते. आतून सुपरवायझर दोनदा डोकावून गेला. वरच्याची त्या दिवशी भरपगारी रजा होती, वेळच वेळ होता. पण इथे यंत्र जितका वेळ बंद तितके पैसे मास्तरांचे कापले जात होते. ते लक्षात आल्यावर त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि “येतो मास्तर” म्हणून निघाला.